वूकॉमर्सच्या एपीआयमधून उत्पादनांचे फोटो अपलोड करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हा विक्रीचा प्लगइन बसवून ऑनलाइन दुकान चालवणारे आणि इतरांना अशी दुकाने बांधून देणारे वाचक फोटोंबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे वूकॉमर्सच्या रेस्ट एपीआयच्या, म्हणजे एका प्रोग्रामने दुकानाशी थेट बोलण्याच्या सोयीच्या, तिसऱ्या आवृत्तीला धरून आहेत. फील्डची (माहितीच्या खान्यांची) आणि एंडपॉइंटची (विनंती ज्या पत्त्यावर पाठवायची त्याची) नावे येथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत लिहावयाची आहेत.

१. एपीआयने फोटो अपलोड करायचे म्हणजे काय, आणि मला त्याची खरोखर गरज आहे का?

ॲडमिनमध्ये जाऊन एकेक उत्पादन उघडून फोटो जोडण्याऐवजी आपला प्रोग्राम दुकानाच्या सर्व्हरला विनंती पाठवतो आणि तेच काम करून घेतो. वीस-पंचवीस उत्पादनांच्या दुकानाला याची गरज नाही. माल शेकडोंनी आहे, पण एकदाच चढवायचा आहे आणि फोटो आधीच इंटरनेटवर कोठेतरी ठेवलेले आहेत, अशा वेळी वूकॉमर्समध्येच असलेली सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या फाइलमधून होणारी) आयात पुरेशी पडते, आणि आमच्या मते तीच बरी. एपीआयचा खरा उपयोग माल सतत बदलत असतो तेव्हा होतो : पुरवठादाराकडून रोज नवी यादी येते, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून उत्पादने दुकानात जातात, किंवा एकाच गोदामातून दोन-तीन दुकाने चालतात.

२. सुरुवात करण्यापूर्वी काय काय तयार ठेवावे लागते?

वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या टॅबखाली ‘रेस्ट एपीआय’ असा विभाग आहे. तेथे ‘रीड/राइट’ परवानगीची की तयार करावी. कन्झ्युमर की आणि कन्झ्युमर सीक्रेट अशा दोन ओळी मिळतात. सीक्रेट एकदाच दाखवले जाते, म्हणून ते त्याच वेळी सुरक्षित जागी उतरवून ठेवावे. दुकान एचटीटीपीएसवर असेल तर या दोन ओळी यूजरनेम आणि पासवर्डच्या जागी देऊन साधे बेसिक ऑथेंटिकेशन चालते. नसेल तर ओऑथ १.० या पद्धतीने प्रत्येक विनंतीवर सही करण्याचा खटाटोप करावा लागतो, आणि तो करण्यापेक्षा एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र बसवून घेणे सोपे. पर्मालिंकची (पानांच्या कायमच्या पत्त्यांची) रचना ‘प्लेन’ ठेवलेली असेल तर एपीआयचा नेहमीचा पत्ता ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, असा संकेत देतो, हेही आधीच पाहून घ्यावे. या किल्ल्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये कधीही ठेवू नयेत, कारण पानाचा सोर्स पाहणाऱ्या कोणालाही त्या दिसतात.

३. फोटोची फाइल माझ्या संगणकावर आहे. ती उत्पादनाच्या विनंतीबरोबर थेट का पाठवता येत नाही?

कारण वूकॉमर्समध्ये फोटो हा उत्पादनाचा भाग नसतो. फोटो ही वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतली स्वतंत्र नोंद असते, तिला स्वतःचा आयडी असतो, आणि उत्पादन त्या आयडीकडे केवळ बोट दाखवते. या पानावरच्या निम्म्याहून अधिक अडचणी ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्याने उभ्या राहिलेल्या आहेत.

उत्पादनाच्या एंडपॉइंटला ‘इमेजेस’ नावाची यादी देता येते. तिच्यातल्या प्रत्येक घटकात एकतर ‘आयडी’ द्यायचा, म्हणजे लायब्ररीत आधीच असलेला फोटो जोडला जातो, किंवा ‘एसआरसी’मध्ये फोटोची लिंक द्यायची, म्हणजे दुकानाचा सर्व्हर स्वतः त्या लिंकवर जाऊन फोटो उतरवून घेतो, लायब्ररीत नवी नोंद करतो आणि तिचा आयडी उत्पादनाला जोडतो. प्रत्यक्ष फाइल किंवा बेस६४ मजकूर (अक्षरांच्या रूपात बदललेली फाइल) स्वीकारणारे फील्ड तेथे नाही. फाइल थेट पाठवण्याचा मार्ग वर्डप्रेसच्या दुसऱ्या एंडपॉइंटमधून जातो. तो पुढच्या उत्तरात आहे.

४. मग संगणकावरची फाइल थेट पाठवण्याची पद्धत कोणती?

वर्डप्रेसच्या स्वतःच्या एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मीडिया’ नावाचा एंडपॉइंट आहे. त्याला पोस्ट विनंती करावी, विनंतीच्या मजकुरात फाइलचे बाइट जसेच्या तसे ठेवावेत, ‘कंटेंट-टाइप’ हेडरमध्ये (विनंतीच्या माथ्यावरच्या ओळीत) प्रकार आणि ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ हेडरमध्ये फाइलचे नाव द्यावे. प्रतिसादात नव्या नोंदीचा आयडी येतो. तोच मग उत्पादनाच्या ‘इमेजेस’ यादीत द्यायचा.

येथे बहुतेक जण अडखळतात ते किल्ल्यांवर. वूकॉमर्सच्या कन्झ्युमर की फक्त वूकॉमर्सच्या एंडपॉइंटना चालतात. मीडिया एंडपॉइंट वर्डप्रेसचा असल्याने तेथे त्या ओळखल्या जात नाहीत. त्यासाठी वर्डप्रेस ५.६ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, उपलब्ध असलेला ॲप्लिकेशन पासवर्ड वापरावा. तो वापरकर्त्याच्या प्रोफाइलच्या पानावर तयार होतो आणि चार-चार अक्षरांच्या सहा गटांत दिसतो. मधल्या मोकळ्या जागा ठेवल्या काय किंवा काढल्या काय, चालते. ज्या वापरकर्त्याच्या नावे तो काढला, त्याला फाइल अपलोड करण्याचा अधिकार असला पाहिजे. ‘शॉप मॅनेजर’ला तो असतो. काही सुरक्षा प्लगइन ॲप्लिकेशन पासवर्डची सोय बंद करून ठेवतात, त्यामुळे प्रोफाइलमध्ये तो विभागच दिसत नसेल तर प्रथम तेथे पाहावे.

५. लिंक द्यावी की फाइल पाठवावी?

फोटो आधीच एखाद्या सार्वजनिक सर्व्हरवर असतील आणि संख्या थोडी असेल तर लिंक द्यावी. एकाच विनंतीत काम होते. मात्र जे काम रोज आपोआप चालायचे आहे, त्यासाठी आम्ही फाइल आधी पाठवून आयडी जोडण्याची पद्धतच सुचवतो. त्यात दोन विनंत्या लागतात हे खरे, पण फोटो पोहोचला की नाही हे उत्पादनाला हात लावण्यापूर्वीच कळते, चूक कोठे झाली ते वेगळे काढता येते, आणि आयडी आपल्याकडे नोंदलेला असल्याने पुढच्या वेळी तोच फोटो पुन्हा चढवावा लागत नाही. प्रश्न ११ आणि १४ मधल्या अडचणी लिंकच्या पद्धतीत ठळकपणे येतात.

६. मुख्य फोटो कोणता आणि गॅलरीतले कोणते, हे कसे सांगायचे?

‘इमेजेस’ यादीतला पहिला घटक मुख्य फोटो होतो आणि उरलेले त्याच क्रमाने गॅलरीत जातात. आधीच्या आवृत्त्यांत ‘पोझिशन’ नावाचे फील्ड होते आणि शून्य क्रमांकाचा फोटो मुख्य समजला जाई; जुने लेख वाचून अजूनही काही जण ते पाठवतात. तिसऱ्या आवृत्तीत ते नाही, क्रम यादीवरूनच ठरतो.

७. गूगल ड्राइव्हवरच्या फोटोची शेअर लिंक ‘एसआरसी’मध्ये दिली, ती ब्राउझरमध्ये उघडते, तरी एपीआय चूक दाखवते. असे का?

शेअर लिंक उघडल्यावर आपल्याला फोटो दिसतो, पण त्या पत्त्यावर असते ते फोटो दाखवणारे वेबपान, फोटोची फाइल नव्हे. वूकॉमर्सला ‘एसआरसी’मध्ये असा पत्ता हवा असतो, जो लॉगिन न मागता थेट फाइल देतो. दुसरी अट अधिक छुपी आहे : उतरवलेल्या फाइलचे नाव वूकॉमर्स लिंकच्या शेवटच्या भागावरून, प्रश्नचिन्हाच्या पुढचे सारे गाळून, ठरवते आणि त्या नावाच्या एक्स्टेन्शनवरून फाइलचा प्रकार तपासते. त्यामुळे थेट फाइल देणारी पण जेपीजी, पीएनजी असे काहीही शेवटी नसलेली लिंकसुद्धा नाकारली जाते. क्लाउड स्टोरेजच्या सही केलेल्या तात्पुरत्या लिंका मात्र सहसा चालतात, कारण त्यांतली सही प्रश्नचिन्हाच्या पुढे असते आणि फाइलचे नाव त्याच्या आधी.

८. फोटो ऑफिसमधल्या सर्व्हरवर आहेत. त्यांची लिंक दिली तर ‘वैध यूआरएल नाही’ असे उत्तर येते.

फोटो उतरवून घेतो तो दुकानाचा सर्व्हर, आपला संगणक नव्हे. त्याला आपल्या ऑफिसच्या आतले पत्ते दिसण्याचे कारण नाही. दिसत असले तरी वर्डप्रेस सुरक्षेसाठी १२७, १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे अंतर्गत पत्ते सहसा नाकारते आणि ८०, ४४३ व ८०८० यांखेरीज इतर पोर्टवरच्या लिंका स्वीकारत नाही. ही बंदी उठवणारे फिल्टर (कोडचे छोटे तुकडे) इंटरनेटवर सापडतात, परंतु चालू दुकानात ती उठवू नये. तिच्यामुळेच एखादा बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरकरवी आतल्या यंत्रणांना विनंत्या पाठवू शकत नाही. अशा वेळी प्रश्न ४ मधला मार्ग घ्यावा.

९. की बरोबर आहे, तरी ४०१ (‘ओळख पटली नाही’) येतो.

प्रथम कीची परवानगी केवळ ‘रीड’ तर नाही ना, हे पाहावे. नंतर ती ज्या वापरकर्त्याच्या नावे आहे, त्याला उत्पादने संपादित करण्याचा अधिकार आहे का, ते पाहावे. हे दोन्ही ठीक असेल तर संशय सर्व्हरवर जातो : ॲपाची सर्व्हरच्या काही रचनांमध्ये किल्ल्या नेणारा ‘ऑथरायझेशन’ हेडर पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेसचा कोड चालवणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतच नाही. ॲपाचीच्या सेटिंगमध्ये तो पुढे पाठवण्याची सोय करता येते. ते जमत नसेल तर एचटीटीपीएसवर दोन्ही ओळी पत्त्याच्या शेवटी पॅरामीटर म्हणून देता येतात, मात्र मग त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटतात, हे विसरू नये. मीडिया एंडपॉइंटला कन्झ्युमर की दिल्याने येणारा ४०१ वेगळा. त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१०. उत्पादनाला एक नवा फोटो जोडला, तर आधीचे सगळे नाहीसे झाले!

नाहीसे झाले नाहीत, फक्त उत्पादनापासून सुटले. ‘इमेजेस’ यादी ही भर घालण्याची सूचना नसून संपूर्ण नवी स्थिती असते : जे यादीत आहे ते उत्पादनावर राहते, जे नाही ते सुटते. म्हणून फोटो जोडण्यापूर्वी उत्पादन वाचून घ्यावे, मिळालेल्या यादीतल्या प्रत्येक फोटोचा फक्त आयडी ठेवावा, शेवटी नवा घटक जोडावा आणि पूर्ण यादी परत पाठवावी. वाचलेली यादी ‘एसआरसी’सह जशीच्या तशी परत पाठवण्यापेक्षा केवळ आयडी पाठवणे स्वच्छ. ‘इमेजेस’ हे फील्ड विनंतीत अजिबात नसेल तर फोटोंना धक्का लागत नाही, त्यामुळे किंमत किंवा साठा बदलणाऱ्या विनंत्यांत ते घालूच नये.

सुटलेले फोटो मीडिया लायब्ररीत तसेच असतात. त्यांचे आयडी शोधून यादी पुन्हा पाठवली की उत्पादन पूर्ववत होते.

११. आमची स्क्रिप्ट रोज रात्री चालते आणि लायब्ररीत एकाच फोटोच्या अनेक प्रती साठत जातात. काय चुकते आहे?

स्क्रिप्ट प्रत्येक वेळी ‘एसआरसी’ पाठवते आहे. लिंक पूर्वी येऊन गेलेली आहे का, हे एपीआय तपासत नाही. लिंक आली की फोटो उतरवायचा आणि नावाच्या शेवटी उणे एक, उणे दोन असे आकडे लावून नवी नोंद करायची, एवढेच ते करते. सीएसव्हीची आयात याबाबत शहाणी आहे, ती मूळ लिंक नोंदीबरोबर साठवते आणि तीच लिंक पुन्हा आली तर जुना फोटो वापरते. तेथला अनुभव घेऊन एपीआयकडे आलेले लोक म्हणूनच फसतात. आपल्याच दुकानाच्या मीडिया लायब्ररीतली लिंक ‘एसआरसी’मध्ये दिली तरी तिचीही नवी प्रत होते.

या प्रतींची संख्या किरकोळ नसते. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स मिळून प्रत्येक फोटोचे निरनिराळ्या मापांचे अवतार बनवतात, म्हणजे एका अपलोडमागे डिस्कवर आठ-दहा फाइली पडतात; पाचशे उत्पादनांचे एकेक फोटो महिनाभर रोज नव्याने चढले तर फाइलींची संख्या लाखावर जाते, आणि होस्टिंगची जागा संपल्यावरच मालकाला पत्ता लागतो.

उपाय असा की स्क्रिप्टने स्वतःचे एक छोटे टेबल ठेवावे : उत्पादनाचा एसकेयू (दुकानाने त्याला दिलेला स्वतंत्र क्रमांक), फोटोची मूळ लिंक, फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली, तो बदलला की बदलणारी खूण) आणि वर्डप्रेसने दिलेला आयडी. हॅश तोच असेल तर आयडी पाठवावा, बदलला असेल तरच फाइल चढवावी. केवळ लिंकवर विसंबू नये, कारण अनेक पुरवठादार फोटो बदलतात पण फाइलचे नाव तेच ठेवतात.

१२. रंगानुसार वेगळे फोटो हवे आहेत. व्हेरिएशनला गॅलरी देता येते का?

पैठणी सात रंगांत असेल किंवा कोल्हापुरी चप्पल तीन रंगांत आणि आठ मापांत असेल, तर प्रत्येक व्हेरिएशनला, म्हणजे रंग-मापाच्या प्रत्येक जोडीला, एकच फोटो देता येतो, आणि त्यासाठीचे फील्ड ‘इमेजेस’ नसून एकवचनी ‘इमेज’ आहे. यादी पाठवायची नाही, एकच घटक पाठवायचा. व्हेरिएशनला स्वतःचा फोटो नसेल तर मूळ उत्पादनाचा मुख्य फोटो दिसतो. प्रत्येक रंगाची वेगळी गॅलरी हवी असेल तर त्यासाठी प्लगइन घ्यावा लागतो, आणि असे प्लगइन आपले आयडी मेटाडेटात आपापल्या पद्धतीने ठेवतात.

चपलेच्या उदाहरणात चोवीस व्हेरिएशन होतात, पण फोटो तीनच असतात. येथे ‘एसआरसी’ वापरली तर तोच फोटो आठ-आठ वेळा चढेल. तीन फोटो एकदा चढवून त्यांचे आयडी चोवीस ठिकाणी द्यावेत. उत्पादन-वर्गाच्या फोटोचे फील्डही असेच एकवचनी आहे.

१३. एकाच विनंतीत शंभर उत्पादने फोटोंसह पाठवली, तर सर्व्हर ५०४ (‘वेळ संपली’) देतो.

अनेक नोंदी एकत्र घेणारा बॅच एंडपॉइंट एका वेळी शंभर नोंदी घेतो हे खरे, पण ती मर्यादा फोटो नसलेल्या नोंदींसाठीच व्यवहार्य आहे. लिंक दिलेली असेल तर सर्व्हरला त्या एकाच विनंतीच्या आत प्रत्येक फोटो उतरवायचा, उघडायचा आणि सगळ्या मापांत कापायचा असतो, आणि हे सारे एकापाठोपाठ एक होते. शंभर उत्पादनांचे चार-चार फोटो म्हणजे चारशे फोटो. त्याआधीच पीएचपीची किंवा मधल्या प्रॉक्सीची वेळ संपते. फोटो आधी एकेक करून चढवावेत आणि बॅचमध्ये फक्त आयडी पाठवावेत, म्हणजे शंभर नोंदीही सहसा निभतात. लिंकच द्यायची असेल तर पाच-दहा उत्पादनांच्या पुढे जाऊ नये.

बॅचची एक खोडही सांगितली पाहिजे : संपूर्ण विनंतीला २०० असा यशाचा संकेत मिळतो, तरी आतल्या काही नोंदी फसलेल्या असू शकतात. त्यांची चूक प्रतिसादाच्या आत त्या-त्या नोंदीजवळ लिहिलेली असते. स्क्रिप्टने फक्त २०० पाहून पुढे जाऊ नये.

१४. विनंती मध्येच तुटली. उत्पादन तयार झाले की नाही, हे कसे कळणार?

दोन प्रसंग वेगळे करावे लागतात. सर्व्हरने स्वतः फोटोची चूक सांगून ४०० दिला असेल, तर नवे उत्पादन तयार होत नाही. पण यादीतल्या चौथ्या फोटोवर गाडी अडली असेल तर आधीचे तीन लायब्ररीत चढलेले असतात आणि कोणाशीही न जोडलेले तेथेच पडून राहतात. वाट पाहण्याची वेळ संपून आपल्याच बाजूने जोडणी तुटली असेल, तर सर्व्हर पुढे काम करतच राहिलेला असू शकतो आणि मिनिटाभराने उत्पादन तयार झालेले दिसते. अशा वेळी आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न केला की एकच उत्पादन दोनदा तयार होते.

यासाठी प्रत्येक उत्पादनाला एसकेयू द्यावा आणि पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी त्या एसकेयूने शोध घ्यावा. न शोधता पाठवले तरी एसकेयू आधीच असल्याची चूक येते, आणि ती येथे आपल्या फायद्याचीच असते.

१५. फोटो कोणत्या प्रकारचे आणि केवढे असावेत?

जेपीईजी आणि पीएनजी सर्वत्र चालतात. वर्डप्रेसमध्ये वेबपी २०२१ च्या ५.८ पासून आणि एव्हीआयएफ २०२४ च्या ६.५ पासून चालतो. तरी ‘एसआरसी’ने आलेल्या फोटोंसाठी वूकॉमर्सची परवानगी असलेल्या प्रकारांची स्वतःची वेगळी यादी आहे, त्यामुळे मीडिया लायब्ररीत हाताने चढणारा प्रकार लिंकने नाकारला जाऊ शकतो. आयफोनचे एचईआयसी फोटो पाठवण्यापूर्वीच जेपीईजीमध्ये बदलून घ्यावेत.

मापाबद्दल लोक फाइल किती एमबीची आहे हे पाहतात, पण सर्व्हर दमतो तो पिक्सेलांनी. ४००० गुणिले ३००० पिक्सेलांचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा असला तरी कापण्यासाठी उघडल्यावर मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो, कारण प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. वर्डप्रेस ५.३ पासून लांबी किंवा रुंदी २५६० पिक्सेलांपुढे असेल तर लहान केलेली प्रत वापरली जाते आणि मूळ फाइल डिस्कवर तशीच पडून राहते. तेव्हा दीड ते दोन हजार पिक्सेलांचा चौरस फोटो करून पाठवावा. झूमला तो पुरतो. फाइल थेट पाठवताना ४१३ आला तर सर्व्हरची विनंतीच्या आकाराची मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. एंजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती न बदलल्यास केवळ १ एमबी असते.

जाता जाता : कारागिराकडून व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात आलेली प्रतिमा दाबून लहान केलेली असते. ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

१६. फाइलचे नाव आणि ऑल्ट मजकूर मराठीत देता येतो का?

ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोचे शब्दांतले वर्णन, मराठीतच द्यावा. ‘ऑल्ट’ फील्ड यूटीएफ-८ मजकूर व्यवस्थित घेते आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मराठी ग्राहकाला त्याचा खरा उपयोग होतो. फाइलचे नाव मात्र रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढ्यांतच ठेवावे. देवनागरी नाव लिंकमध्ये टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत बदलते आणि हेडरमधून जाताना बिघडते. एसकेयू आणि क्रमांक हे नाव सर्वांत निर्धोक.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ऑल्ट मजकूर उत्पादनाबरोबर नव्हे, तर मीडियाच्या नोंदीबरोबर साठतो. एकच आयडी दोन उत्पादनांना जोडला असेल आणि दुसऱ्या उत्पादनाच्या विनंतीत वेगळा ऑल्ट पाठवला, तर पहिल्या उत्पादनाचाही बदलतो.

१७. नवा फोटो चढवला, प्रतिसादात नवा आयडीही आला, तरी दुकानात जुनाच दिसतो.

नव्या फोटोला नवी फाइल आणि नवे नाव मिळते, त्यामुळे दोष सहसा फोटोच्या कॅशचा नसून पानाच्या कॅशचा असतो : साठवून ठेवलेल्या पानात अजून जुन्या फाइलचा पत्ता आहे. कॅश प्लगइनमधून ते पान पुसावे. तरीही जुनाच दिसला तर उत्पादन एपीआयने वाचून यादीत कोणता आयडी आहे ते पाहावे. पुष्कळदा मीडिया चढलेला असतो, पण उत्पादन अद्ययावत करणारी दुसरी विनंती गेलेलीच नसते. व्हेरिएशन निवडल्यावरच जुना दिसत असेल तर व्हेरिएशनचा फोटो वेगळा बदलावा लागतो (प्रश्न १२).

१८. उत्पादन कायमचे खोडले. त्याचे फोटोही गेले का, आणि नसतील तर ते कसे काढायचे?

गेले नाहीत, प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्या स्वतंत्र नोंदी आहेत. काढण्यासाठी मीडिया एंडपॉइंटला त्या आयडीची डिलीट विनंती करावी आणि ‘फोर्स’ हे पॅरामीटर ‘ट्रू’ ठेवावे. ते दिले नाही तर ५०१ येतो, कारण मीडियासाठी वर्डप्रेस सहसा कचरापेटी ठेवत नाही. खोडले की फाइलीही डिस्कवरून जातात आणि परत आणता येत नाहीत.

म्हणून घाई करू नये. तो आयडी दुसऱ्या उत्पादनाच्या गॅलरीत, व्हेरिएशनमध्ये, वर्गाच्या फोटोत किंवा एखाद्या ब्लॉगलेखात वापरला आहे का, हे वर्डप्रेस खोडताना विचारत नाही. मीडिया लायब्ररीत ‘अनअटॅच्ड’ दिसणारा फोटो निरुपयोगीच असतो असेही नाही. त्या स्तंभात फोटो पहिल्यांदा कोठे चढवला गेला एवढेच कळते, सध्या तो कोठे वापरात आहे ते नाही. प्रश्न ४ च्या मार्गाने चढवलेले सगळे फोटो वापरात असूनही तेथे ‘अनअटॅच्ड’च दिसू शकतात. साफसफाईची स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर प्रथम सर्व उत्पादनांचे, व्हेरिएशनांचे आणि वर्गांचे आयडी गोळा करावेत, त्यांत नसलेल्या फोटोंची यादी काढून ती डोळ्यांखालून घालावी, ‘अपलोड्स’ फोल्डरचा आणि डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि मगच ‘फोर्स’ लावावा.